हॉलिस फ्रॅम्प्टनचा ‘नॉस्टॅल्जिया’: शेगडीवरचे आत्मचरित्र

छायाचित्रणाकडून चित्रपटाकडे वळलेल्या हॉलिस फ्रॅम्प्टन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या १९७१ सालच्या या ३६ मिनिटांच्या कृष्णधवल आत्मचित्रात त्याची जुनी छायाचित्रे एकामागून एक विजेच्या शेगडीवर ठेवली जातात. तापलेल्या तारेचे वेटोळे आधी कागदावर उमटते, मग कागद आक्रसतो आणि शेवटी राख तेवढी थरथरत राहते. निवेदन मात्र नेहमी पुढच्या छायाचित्राचे असते, त्यामुळे ऐकलेले लक्षात ठेवून समोरचे पाहण्याची कसरत प्रेक्षकाला करावी लागते. ‘मी’ म्हणून बोलणारा आवाजही फ्रॅम्प्टनचा नव्हे, तर त्याचा मित्र, कॅनडाचा चित्रपटकार मायकेल स्नो याचा आहे, ही खोडी मला विशेष भावली. मधला भाग, खरे सांगायचे तर, रेंगाळतो. निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१२ साली काढलेल्या फ्रॅम्प्टन-संचात हा चित्रपट आहे. तो न थांबवता, सलग पाहावा.