पिल्लू नर की मादी: पहिल्या दिवशी ओळखायचं, दोन महिने थांबायचं, की थेट तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबड्या) आणायच्या?

अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या असं ठरवून पिल्लं घ्यायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "मिक्स आहेत, निवडून मिळणार नाहीत." एक दिवसाची गावरान किंवा सुधारित जातीची पिल्लं सहसा अशीच, नर-मादी वेगळे न करता विकली जातात. निम्मे नर, निम्म्या माद्या हा हिशोब शंभराच्या लॉटला बऱ्यापैकी जुळतो. दहाच पिल्लं घेतली तर मात्र सात किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता १७ टक्के असते. म्हणजे दर सहा गिऱ्हाइकांतल्या साधारण एकाच्या खुराड्यात अंड्यांऐवजी आरवणंच जास्त.

अंडं बघून नर-मादी सांगणाऱ्यांना आधी बाजूला करू. टोकदार अंड्यातून एक आणि गोल अंड्यातून दुसरं, हा समज दोन हजार वर्षांहून जुना आहे. ॲरिस्टॉटलने लांबट, टोकदार अंड्यात मादी असते असं लिहिलं आणि पुढे रोमन लेखकांनी नेमकं उलटं सांगितलं. अंड्याचा आकार कोंबडीच्या शरीरावर ठरतो, आत कोण आहे यावर नाही. अंड्यावर दोऱ्याने अंगठी टांगायचा प्रकारही त्याच पंगतीतला. उबवणीतल्या अंड्यातच लिंग ओळखणारी यंत्रं खरोखर आहेत. जर्मनीने २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, तेव्हापासून तिथल्या हॅचऱ्यांत (अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्रांत) त्यांचा वापर वाढला. पण परसातल्या पंधरा कोंबड्यांसाठी त्यांचा उपयोग शून्य. पिसाची डीएनए चाचणी पोपटाच्या जोडीसाठी ठीक, कोंबडीच्या पिल्लाला ती पिल्लापेक्षा महाग पडते.

आता पहिल्या दिवशी खरोखर चालणाऱ्या तीन पद्धती.

पहिली, व्हेंट तपासणी. पिल्लाची विष्ठा हलकेच काढून मागचं छिद्र उघडायचं आणि आतला बारीक उंचवटा बघायचा. नरात तो गोल, घट्ट, चमकदार असतो. मादीत नसतो किंवा मऊ, पसरट असतो. वाचायला सोपं आहे. अडचण अशी की बऱ्याच माद्यांतही छोटा उंचवटा असतो आणि काही नरांत तो जेमतेम दिसतो. जपानच्या कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. १९२७ मध्ये ती कॅनडातल्या ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडली गेली आणि पुढे जपानी तपासनीस देशोदेशीच्या हॅचऱ्यांत कामाला जाऊ लागले. मुरलेला माणूस तासाला हजारेक पिल्लं तपासतो आणि शंभरात दोन-तीनच चुकतात. पण तो हात बसायला वर्षं लागतात. व्हिडिओ बघून घरी करणाऱ्याचा अंदाज नाणेफेकीच्या आसपास राहतो आणि जोर जास्त पडला तर पिल्लू दगावतं. स्वतः करू नका, एवढंच.

दुसरी, पंखाची पिसं. पहिल्या दोन दिवसांत पंख अलगद पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरच्यापेक्षा ठळक लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरचीच लांब असेल तर नर. तिसऱ्या दिवसानंतर हा फरक पुसट होत जातो.

तिसरी, रंग. हाय-लाइन ब्राउनसारख्या तपकिरी अंड्यांच्या लेयर (खास अंड्यांसाठीच्या) जातींत मादी पिल्लं तांबूस आणि नर पिवळट-पांढरे निघतात. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉकची कोंबडी यांची पिल्लं काळी असतात, पण नराच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो. अशा जोड्यांमागे जुनी गरज आहे. पहिल्या महायुद्धात दाण्याची टंचाई असताना रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञाने पिल्लाच्या रंगावरून नर वेगळे काढायची कल्पना मांडली होती, जेणेकरून त्यांच्यावर खाद्य खर्ची पडू नये.

पिसं आणि रंग या दोन्ही पद्धती बिनचूक वाटतात, पण त्या चालतात फक्त ठरवून लावलेल्या जोडीत. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. कोंबडी आपला एकमेव झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतो तो बापाकडून. आईच्या झेडवर "पिसं हळू फुटणं" किंवा "पट्टे" असा वरचढ गुण ठेवला आणि बापाकडे तो नसला, तर गुण फक्त मुलग्यांत उतरतो. जोडी उलटी केली की खेळ संपला. याच पिल्लांची पुढे आपसात जोडी लावली तरी संपला. गावरान कळपात कुणाची कुणाशी जोडी लागली याचा पत्ताच नसतो. म्हणून "गावरान पिल्लं पंख बघून निवडून देतो" असं कुणी म्हटलं तर जोडी कोणती लावली होती, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर निवडीचे जादा पैसे देऊ नका.

राहिली थांबायची वाट, आणि गावरानासाठी माझी पसंती हिलाच आहे. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नराचा तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या फुगून लालसर होऊ लागतात, मादीचा तुरा फिकट आणि बारीक राहतो. त्याच सुमारास मादीची पाठ आणि शेपटी पिसांनी भरलेली दिसते, तर नर खांद्यावर उघडा-बोडका. पाय बघा: नराचे जाड. तुलना मात्र एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांत करा. आठ-दहा आठवड्यांत रंगीत गावरानात नराच्या खांद्यावर तांबडी चकाकी येते. बारा आठवड्यांच्या पुढे कमरेवरची पिसं पक्की साक्ष देतात: नराची लांब, अणकुचीदार, चमकदार; मादीची टोकाला गोल. कडकनाथात तुराच काळपट असल्याने लाली शोधत बसू नका, त्याचा आकार आणि कमरेची पिसं बघा. असीलचा तुरा मुळातच चपटा, तिथे आणखी थोडं थांबा. छाती काढून झुंजणं हा पुरावा नाही, माद्याही झुंजतात. आणि कळपात दांडगा कोंबडा असेल तर तरणा नर आरवायला उशीर लावतो, म्हणून "आरवत नाही म्हणजे मादी" हेही धरू नका.

थांबण्याचा खर्च म्हणजे दोन महिन्यांचं खाद्य. लेयर जातीच्या नरावर तो वाया जातो, कारण त्याच्या अंगाला मांस धरत नाही. बाजारात रंगवून विकायला येणारी पिल्लं बहुधा हीच. ती मुलांसाठी घेऊन अंड्यांची वाट बघू नका. गावरानाचा हिशोब वेगळा. गावरान कोंबडा चांगल्या भावाने जातो आणि जत्रेला, आखाडात त्याला शोधत लोक दारात येतात. श्रावण लागला की गिऱ्हाईक ओसरतं, त्यामुळे थंडीत काढलेली पिल्लं आखाडापर्यंत विकण्याजोगी होतील असं जमवा. गावरानात जास्त नर निघणं ही तोट्याची बाब नाही, फक्त अंडी कमी मिळतात.

अंडी हवीत, जागा कमी आहे आणि कोंबडा कापायचा-विकायचा नाही, अशांनी तलंगाच आणाव्यात. शहरालगतच्या बंगल्यात पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद नको असेल त्यांनीही. नुसत्या खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. पशुसंवर्धन विभागाच्या अनुदानाच्या योजनेतही एक पर्याय शंभर एकदिवसीय पिल्लांचा आणि दुसरा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ माद्या व ३ नरांच्या तलंगा गटाचा असतो. नवख्याने दुसरा घ्यावा. पहिल्या महिन्यातली ऊब आणि मरतुक दुसऱ्याने सोसलेली असते, आणि नर-मादी तोवर डोळ्यांनी दिसते.

आठवडी बाजारात तलंग घेताना मात्र घाई नको. सांगितलेलं वय तीन महिन्यांचं असेल तर कमरेवर बोट फिरवून पिसांची टोकं बघा. पाटीतल्या इतरांपेक्षा एखादीचा तुरा लाल आणि पाय जाड असेल तर तो नर असू शकतो, घेऊ नका. लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची) आणि गंबोरो रोगाची, या लसी कधी दिल्या ते विचारा. छातीठोकपणे "सगळ्या माद्याच हो" म्हणणाऱ्याकडून घ्यायचंच असेल, तर महिनाभरात नर निघाला तर बदलून देण्याचं त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या.