सेफिडेरोकॉल की सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम? आधी एन्झाइम कोणतं ते विचारा

कार्बापेनेम या ताकदवान अँटिबायोटिक्सच्या गटाला दाद न देणारा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू कल्चरमध्ये आला की आयसीयूत बहुधा सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम याच दोन अँटिबायोटिक्सची नावं निघतात. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, सेफिडेरोकॉलला २०१९ मध्ये. रिपोर्टवर दोन्हींपुढे ‘सेन्सिटिव्ह’ असेल तर हात आपसूक नव्या औषधाकडे जातो. माझ्या मते तो थोडा आवरावा.

दोघांची मारण्याची रीत वेगळी आहे. अविबॅक्टम स्वतः जिवाणू मारत नाही. ते अँटिबायोटिक तोडणारं जिवाणूचं एन्झाइम निकामी करतं, म्हणून जुनं सेफ्टाझिडिम शाबूत राहून काम करतं. केपीसी, ऑक्सा-४८ आणि एएमपीसी ही अशी एन्झाइमं त्याच्या आवाक्यात आहेत. एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी ही जस्तावर चालणारी एन्झाइमं त्याला जुमानत नाहीत. सेफिडेरोकॉल एकटंच येतं. त्याच्या रेणूला जोडलेला कॅटेकोल गट लोह धरून ठेवतो. संसर्गात शरीर लोह लपवून ठेवतं. त्यामुळे लोहासाठी आसुसलेल्या जिवाणूने ते आत ओढायला खास दारं ठेवलेली असतात, आणि औषध त्याच दारांतून आत शिरतं. पोरिन (जिवाणूच्या आवरणातली छिद्रं) बंद झाले किंवा औषध बाहेर फेकणारे पंप वाढले तरी त्याचं फारसं अडत नाही. एनडीएमलाही हा रेणू सहजासहजी तोडता येत नाही. पण एनडीएमवाल्या जिवाणूंचा एमआयसी (वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) वर सरकलेला दिसतो, आणि सिरए नावाच्या दारात म्युटेशन झालं तर तो आणखी चढतो.

आता पुरावा. सेफिडेरोकॉलच्या मूत्रमार्ग-संसर्गाच्या चाचणीत ७३ टक्के रुग्णांना यश मिळालं, इमिपेनेम या कार्बापेनेमच्या गटात ५५ टक्क्यांना. आकडा देखणा आहे, पण कार्बापेनेम-प्रतिरोधक संसर्ग असलेले रुग्ण त्या चाचणीतून वगळलेले होते. म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही. न्यूमोनियाच्या चाचणीत जास्त डोसच्या मेरोपेनेमशी, म्हणजे दुसऱ्या एका कार्बापेनेमशी, तुलना झाली. चौदाव्या दिवसापर्यंत मृत्यू सेफिडेरोकॉलच्या गटात १२.४ आणि मेरोपेनेमच्या गटात ११.६ टक्के, म्हणजे बरोबरी.

खरी कसोटी ‘क्रेडिबल-सीआर’ या चाचणीत होती, कारण तिथले रुग्ण प्रतिरोधक जिवाणूंचेच होते. सेफिडेरोकॉलच्या १०१ रुग्णांपैकी अभ्यास संपेपर्यंत ३४ दगावले. उपलब्ध उत्तम उपचार घेतलेल्या ४९ जणांपैकी ९. हा फरक मुख्यतः ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या रुग्णांमध्ये दिसला. गट लहान होते, आजारपणात समतोल नव्हता, ही स्पष्टीकरणं योग्यच आहेत. तरीही वाढीव मृत्यूंचा इशारा औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात छापलेला आहे, आणि लिहून देणाऱ्याने तो वाचलेला असावा.

सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमच्या बाजूला निरीक्षणात्मक अभ्यासांचं वजन जास्त आहे. कार्बापेनेम-प्रतिरोधक आतड्यातल्या जिवाणूंच्या १३७ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात तीस दिवसांतले मृत्यू, हिशेब जुळवून, ९ टक्के आले; कोलिस्टिन या जुन्या अँटिबायोटिकच्या गटात ३२ टक्के. हे जिवाणू बहुतेक केपीसीचे होते, आणि ही यादृच्छिक चाचणी नव्हती. पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून केपीसी किंवा ऑक्सा-४८ असेल तर मी सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमच निवडेन आणि सेफिडेरोकॉल राखून ठेवेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दोन्ही ‘राखीव’ गटात आहेत, तरी राखीवातही मागे ठेवण्याचं एक हवं.

एनडीएम निघालं तर खरी चुरस. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम इथे एकटं निरुपयोगी, पण जोडीला ॲझट्रिओनाम हे आणखी एक अँटिबायोटिक दिलं की चित्र पालटतं. ॲझट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही. सोबत आलेलं ईएसबीएल हे दुसरं एन्झाइम तोडतं, आणि त्याला अविबॅक्टम थोपवतं. रक्तातल्या अशा संसर्गाच्या १०२ रुग्णांच्या अभ्यासात या जोडीने मृत्यू १९.२ टक्के, इतर उपचारांनी ४४ टक्के. दोन्ही औषधं एकाच वेळी चालू असायला हवीत. सकाळी एक, दुपारी एक असं केलं तर जोडीचा अर्थच जातो. युरोपात २०२४ मध्ये ॲझट्रिओनाम-अविबॅक्टम एकत्र मान्य झालं, तेव्हा ही कसरत टळू शकते. शिरेची एकच लाइन मोकळी असेल, तर सेफिडेरोकॉल सोयीचं. पण लॅबने एमआयसी नीट काढलेला हवा.

आणि तो काढणं सोपं नाही. लोह कमी केलेल्या खास ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रवात) चाचणी करावी लागते. साध्या ब्रॉथमध्ये लोह भरपूर असल्याने औषध उगाच दुबळं दिसतं. त्यात निकषही एक नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंसाठी निकष ठरवणारी अमेरिकी संस्था सीएलएसआय ४ पर्यंत ‘सेन्सिटिव्ह’ म्हणते, युरोपची संस्था युकास्ट २ पर्यंतच. एमआयसी ४ आला की एकीकडे औषध चालतं, दुसरीकडे नाही. तेव्हा लॅब कोणता निकष लावते हे फोन करून विचारा.

ॲसिनेटोबॅक्टर असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम बादच. सेफिडेरोकॉलही माझ्या यादीत अग्रभागी नाही; त्याचं कारण ‘क्रेडिबल-सीआर’च्या आकड्यांत आलंच आहे. मिळत असेल तर सल्बॅक्टम-दुरलोबॅक्टम. २०२३ मध्ये मान्य झालेल्या या औषधाच्या चाचणीत अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू १९ टक्के, कोलिस्टिनच्या गटात ३२.३ टक्के. व्हीआयएमवाला स्यूडोमोनास जिवाणू ही मात्र सेफिडेरोकॉलची खरी जागा.

डोसची एक गोष्ट नेहमी निसटते. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम २.५ ग्रॅम दर आठ तासांनी, दोन तासांत. सेफिडेरोकॉल २ ग्रॅम दर आठ तासांनी, तीन तासांत. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती वेगाने गाळते याचं माप) १२० च्या वर असेल तर सेफिडेरोकॉल दर सहा तासांनी द्यावं लागतं. दाखल होताना किडनी मंदावलेली असते, म्हणून डोस कमी होतो. दोन दिवसांत किडनी सावरते, डोस तसाच राहतो. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमच्या पोटातल्या संसर्गाच्या चाचणीत क्लिअरन्स ३० ते ५० असलेल्यांमध्ये बरं होण्याचं प्रमाण घसरलं, आणि त्यामागे हेच कारण असावं असा संशय आहे. क्रिएटिनिन रोज बघा.

शेवटचा प्रश्न रुग्णाला किंवा नातेवाइकांना विचारायचा: पूर्वी सेफ्टाझिडिमची ॲलर्जी आली होती का? सेफ्टाझिडिम, सेफिडेरोकॉल आणि ॲझट्रिओनाम या तिन्ही रेणूंची बाजूची साखळी एकच आहे. उत्तर खरोखर ‘हो’ असेल, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून संसर्गतज्ज्ञांशी तिसऱ्याच औषधाबद्दल बोलावं लागेल.