तीन मडक्यांचा खत-खंबा: फ्लॅटच्या बाल्कनीसाठी घ्यावा का?

तीन-चार माणसांचं घर, रोजचा पाऊण-एक किलो ओला कचरा आणि बाल्कनीत दोन फूट सावलीची जागा असेल तर ओल्या कचऱ्याचं घरीच खत करणारा हा एकावर एक रचलेल्या तीन मडक्यांचा खंबा जरूर घ्यावा. मोठ्या कुटुंबाला एक संच पुरत नाही. वरचं मडकं भरतं तेव्हा खालचं अजून कच्चंच असतं आणि सगळी साखळी अडते.

बंगळुरूच्या ‘डेली डम्प’ने २००६पासून रुळवलेली ही रचना आता बऱ्याच ठिकाणी कुंभारांकडे आणि नर्सरीत मिळते. वरच्या दोन मडक्यांना तळ नसतो, त्याजागी दोरीची जाळी असते. तिसरं मात्र बंद तळाचं. जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरायचा, त्यावर दोन-तीन इंच सुका पाला, मग कचरा. वरचं मडकं साधारण महिन्याभरात भरलं की ते मधल्या रिकाम्या मडक्याशी अदलाबदल करायचं. दुसरंही भरलं की मधलं, एव्हाना निम्म्याखाली बसलेलं, तळच्या मडक्यात ओतायचं. हाती खत यायला पहिल्यांदा तीन महिने धरून चाला.

मातीचा खरा फायदा भिंतीत आहे. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने जादा ओल बाहेर उडून जाते. प्लास्टिकच्या डब्यात हीच ओल तळाशी साचून कुजका वास मारते. उन्हाळ्यात याच गुणाचा उपद्रव होतो. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत मडकं इतकं सुकतं की कुजणंच थांबतं, म्हणून तेव्हा दोन दिवसांआड पाण्याचा हबका मारावा लागतो. ओल कशी ओळखायची? मूठभर माल घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुका पाला घाला, आणि मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी.

विक्रेते संचासोबत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि कचरा कुजवायला लागणाऱ्या विरजणाची पुडी देतात. पुडी संपल्यावर नवी विकत घेऊ नका. मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक तेच काम करतं. कोकोपीट ओल झकास शोषतं, पण ते स्वतः फार सावकाश कुजतं, त्यामुळे नुसतं तेच वापरलं तर शेवटी तंतूच हाती लागतात. चुरलेला वाळका पाला सर्वांत सरस: एक वाटी कचऱ्याला एक वाटी पाला, आणि दर वेळी शेवटचा थर पाल्याचाच. सोसायटीचा झाडलेला पाला पोत्यात भरून ठेवला तर वर्षभराची सोय होते. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत उकरायचं. हे टाळलं की खंबा बिघडलाच.

बिघाड नाकाने कळतो. डोळ्यांत जाणारा अमोनियाचा उग्र वास आला तर पाला कमी पडतोय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. उकरा आणि पाला मिसळा. चिलटं बहुधा केळ्याच्या-आंब्याच्या सालींवर येतात. साली बारीक चिरून पाल्याखाली दाबा आणि वर मूठभर निंबोळी पेंड भुरभुरा. राखाडी, जाड अळ्या दिसल्या तर घाबरून सगळं फेकू नका. त्या बहुतेकदा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात, कचरा झपाट्याने फस्त करतात आणि माणसाला त्रास देत नाहीत. नको असतील तर ओल कमी करा.

भाज्यांची देठं, चहाचा धुतलेला चोथा, अंड्याची चुरलेली टरफलं, हार सोडवून दोरा काढलेली फुलं बिनधास्त घाला. आंब्याची कोय, करवंटी, हाडं आणि रस्सा मात्र नको. शिळा भात थोडा चालतो, पण त्याचा चिकट गोळा होऊन आत हवा शिरत नाही. त्याला आधी फोडणी देऊन खाऊन टाका. खंब्यात जाईल तो उरलेला घास, तोही मोकळा करून पाल्यात कालवलेला.

आता उणिवा. सर्वांत कच्चा दुवा जाळीचा. सुतळी असेल तर तीही कचऱ्याबरोबर कुजते आणि अदलाबदलीच्या ऐन वेळी तळ सुटतो. घेतानाच नायलॉनची दोरी मागा किंवा घरी ओवून घ्या. भरलेलं मडकं जड असतं, कडेला धरून उचललं तर काठाचे टवके उडतात. दोघांनी उचलावं, गुडघेदुखी असलेल्या एकट्या माणसाने हा प्रकार घेऊच नये. बाहेरून पांढरे क्षार फुलतात, ते ओल्या फडक्याने पुसले जातात. खाली विटा आणि ताटली ठेवली नाही तर फरशीवर तपकिरी डाग पडतो. पावसाळ्यात झड येणाऱ्या बाल्कनीत भिंतीलगत सरकवा.

बोकाशीची, म्हणजे हवाबंद ठेवून कचरा आंबवायची, बादली जागा कमी घेते, पण दोन आठवड्यांनी आंबलेला माल मातीत पुरावाच लागतो. विजेवरची बहुतेक घरगुती यंत्रं कचरा नुसता वाळवून दळतात. त्या भुग्याला पाणी लागलं की बुरशी धरते. तो कुंडीत घालण्याआधी कुजवणं आलंच.

दुकानात प्रत्येक मडक्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज म्हणजे तडा किंवा कच्चं मडकं. मग तिन्ही एकावर एक रचून हलवून पाहा. डुगडुगलं तर दुसरा संच मागा, कारण भरल्यावर तो तोल आणखी बिघडतो.