ऊन कमी, लोकर भरपूर: शेटलंड की फानो?

इंदूरच्या दुकानात लोकर मागायची तर 'ऊन' म्हणावं लागतं. माझं माहेर सांगलीचं. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानदारानं "भाभी, कौन सा ऊन दूँ?" असं विचारलं तेव्हा मी दाराबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बघितलं होतं. आता सवय झालीय. आमच्या रामबागेतल्या विणकामाच्या गटात मराठी बायकासुद्धा सर्रास 'ऊन संपलं' म्हणतात आणि कुणी खिडकीकडे बघत नाही.

याच गटातल्या दोघींनी यंदा हिय्या केलाय. सप्टेंबरात लोकरीच्या उत्सवाला जायचं, तेही बेटावर, आणि घाईगर्दी न करता. बेट कोणतं, यावर मात्र एकमत होईना. वहिनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करत विणतात आणि एक टाका चुकला तर वीस ओळी उसवतात. मावशींचं कपाट लोकरीच्या गुंड्यांनी भरलंय, पण पुरा झालेला स्वेटर एकच, तोही नातवाला आता होत नाही. मी दोन्हीकडे जाऊन आलेय, म्हणून पंचाईत माझ्यावर आली. खरं उत्तर असं की वहिनींनी शेटलंडला जावं आणि मावशींनी फानोला. पण दोघींना एकत्रच जायचंय, म्हणून हा सगळा प्रपंच.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, साठ अंश अक्षांशावरचा शंभरावर बेटांचा पुंजका. वस्ती सोळा बेटांवर, माणसं सगळी मिळून तेवीस हजारांच्या आसपास. आमच्या सुदामानगरात याहून जास्त असतील. फानो हे डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं एकच छोटं बेट, सोळाएक किलोमीटर लांब, साडेतीन हजारांच्या आतबाहेर वस्ती. गंमत म्हणजे दोन्ही बेटं एकेकाळी डेन्मार्कच्या राजाच्या हातात होती. शेटलंड त्यानं १४६९ साली मुलीच्या हुंड्यापायी स्कॉटलंडकडे गहाण टाकलं, ते परत सोडवलंच नाही. फानो १७४१ साली लिलावात निघालं आणि तिथल्या लोकांनीच पैसे गोळा करून आपलं बेट विकत घेतलं. मला फानोची माणसं तेवढ्यासाठीच आवडतात.

शेटलंडचा 'वूल वीक' २०१० पासून होतो, सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरात संपतो. नावाला आठवडा, प्रत्यक्षात नऊएक दिवस. दरवर्षी एका विणकराला मान देतात आणि त्या व्यक्तीनं रचलेल्या टोपीचा नमुना काही महिने आधी जाहीर होतो. जगभरातले लोक ती टोपी आपापल्या रंगांत विणून, घालून येतात. लर्विकच्या, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावाच्या रस्त्यावर, बसमध्ये, दुकानाच्या रांगेत तीच नक्षी शंभर रंगांत दिसते आणि अनोळखी बाई तुमच्या डोक्याकडे बघून हसते. मी टोपी न विणता गेले होते. लग्नात आहेर न घेता गेल्यासारखं वाटलं.

वहिनींसाठी इथे खाण आहे. दोरंगी नक्षीचं जे विणकाम फेअर आइलच्या नावानं जगभर चालतं, ते फेअर आइल शेटलंडचंच, जेमतेम पन्नासेक माणसांचं बेट. एका ओळीत रंग दोनच, जो रंग कामात नाही तो मागून वाहत न्यायचा, म्हणजे कापड आपोआप दुहेरी आणि उबदार होतं. आणि हे सगळं गोल विणतात, नळीसारखं. मग बाहीसाठी काय करतात, तर चक्क कात्री लावतात. शिकवणाऱ्या बाईंनी विणलेल्या स्वेटरवरून कात्री चालवली तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. एकही टाका सुटला नाही. शेटलंडच्या मेंढीची लोकर जरा केसाळ, एकमेकीला धरून राहणारी, म्हणून हे जमतं. आपल्या बाजारातल्या अ‍ॅक्रिलिकवर घरी करून बघू नका. मी बघितलं.

दुसरी गोष्ट कमरेच्या पट्ट्याची. चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली गादी आणि गादीला भोकं. उजव्या सुईचं मागचं टोक भोकात रोवायचं. सुईचा भार पट्टा घेतो, हात मोकळा राहतो आणि वेग असा की बघणाऱ्याची नजर पुरत नाही. पूर्वीच्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन, चालता चालता याच पट्ट्यावर विणायच्या. आवड म्हणून नव्हे, पोटासाठी. व्यापारी त्यांना मोबदला रोख देत नसत, चहा किंवा कापड हातात ठेवत. यावर १८७२ साली सरकारी चौकशीसुद्धा झाली. हे कळल्यावर हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत बघून घासाघीस करायची माझी इंदुरी जीभ गप्प झाली.

उन्स्ट हे सगळ्यात उत्तरेचं वस्तीचं बेट. तिथली जाळीची शाल इतक्या तलम सुताची की अख्खी अंगठीतून निघते. आपल्याकडे महेश्वरी साडीची घडी हातात घेतल्यावर जसं वजनच लागत नाही, तशी, फक्त लोकरीची. लर्विकहून उन्स्टला जायला दोन छोट्या फेरीबोटी लागतात, पूर्ण दिवस मोडतो. पण मावशी, तुम्हालाही सांगते, एक दिवस तिथे मोडाच.

आता फानो. एस्ब्येर्ग शहरातून बोटीत बसलं की बारा मिनिटांत नॉर्डब्यू गाव. मधे वाळूच्या दांड्यावर सील मासे पडलेले दिसतात. (मासे म्हणतात, पण ते सस्तन प्राणी, हे मला नातीनं सुनावलं.) उत्सव सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास, शुक्रवार ते रविवार. सगळं गाव लोकरीत बुडालेलं: मांडव, अंगणं, गल्ल्या, जिकडेतिकडे लडी टांगलेल्या. हिंडा, हात लावा, कॉफी प्या, पुन्हा हिंडा. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री जसं आपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि भूक नसताना खातो, तसंच. मावशी तीन दिवसांत कपाट दुप्पट करतील. कार्यशाळाही असतात, पण बऱ्याच डॅनिशमध्ये. दुकानात सगळे इंग्रजी बोलतात, पण टाके समजावून सांगताना माणूस आपल्या भाषेत जातोच. वहिनी शनिवारी दुपारपर्यंत रुसतील, असा माझा अंदाज.

पण सुट्टी म्हणून बघाल तर फानो सरस. पश्चिमेला मैलोगणती रुंद वाळूचा किनारा, इतका घट्ट की त्यावरून मोटारी चालतात. लाटांबरोबर कधी अंबरचा, म्हणजे प्राचीन झाडांच्या गोठलेल्या डिंकाचा खडा येतो, तो शोधत म्हातारी माणसं वाकून चाललेली असतात. दक्षिण टोकाच्या सोन्नरहो गावात गवती छपरांची जुनी घरं आहेत, सगळी पूर्व-पश्चिम लांबीनं बांधलेली, पश्चिमेचा वारा आडवा लागू नये म्हणून. पुरुष जहाजांवर आणि शेती-घर बायकांच्या माथी, असा इथला जुना शिरस्ता. हवा सोळा-सतरा अंश, पाऊस येऊन-जाऊन. सायकल भाड्याने घेतली की गाडीची गरज नाही.

शेटलंडला वारा. याहून वेगळं काही सांगायची गरज नाही, पण सांगते: छत्री नेऊ नका, ती तुमच्याआधी नॉर्वेला पोचेल. तापमान दहा-बाराच्या घरात, आमच्या जानेवारीतल्या सकाळसारखं, पण दिवसभर आणि ओलं. रविवारी बस जवळपास नसल्यातच जमा. मी एकदा बस गाठायला म्हणून गेले आणि दीड तास मेंढ्यांशी बोलले. गाडी चालवणारं कुणीतरी सोबत हवं, नाहीतर लर्विकमध्येच मुक्काम ठोकावा. लर्विकमध्ये संग्रहालय, लोकर व्यापाऱ्यांची जुनी दुकानं, कापड-विणकामाचं वेगळं छोटं संग्रहालय, हे सगळं पायी होतं. रविवारी गावोगावच्या सभागृहांत चहापान असतं, सूप, सँडविच आणि घरी केलेल्या केकची टेबलं. सूपमध्ये बहुधा खारवलेलं वाळकं मटण, तेव्हा शाकाहारी असाल तर आधी विचारा.

जेवणाचं म्हणाल तर दोन्हीकडे हाल सारखेच, आणि उपायही एकच: स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. डेन्मार्कात अशी घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणजे तीन दिवसांच्या उत्सवासाठी आठवड्याचं भाडं. आरामच करायचा असेल तर तो तोटा नाही. शेटलंडात मुळात खोल्याच कमी, वर्षभर आधी हालचाल करावी लागते. भाजणी, मेतकूट, इंदुरी शेव न्या. तूप आणि मावाबर्फी नाही, दूध-मांसाचे पदार्थ दोन्ही देशांत नेऊ देत नाहीत.

प्रवास. फानोला जायचं तर कोपनहेगन, तिथून तीनेक तास रेल्वे, मग ती बारा मिनिटांची बोट. शेटलंडला लंडन, मग अ‍ॅबर्डीन, आणि तिथून एकतर छोटं विमान किंवा रात्रभराची बोट. संध्याकाळी सुटते, सकाळी साडेसातला लर्विकला लागते. समुद्र खवळला तर रात्र लांबते. केबिन घ्याच, खुर्चीवर काटकसर करू नका. ही चूक मी केलीय आणि त्या रात्री विणकामाची पिशवीसुद्धा उघडली नाही.

व्हिसाचं गणित मात्र निर्णायक ठरू शकतं. डेन्मार्कसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, तो सहा महिने आधी मागता येतो. ब्रिटनचा तीन महिने आधी, म्हणजे जूनच्या शेवटी. शेटलंडच्या लोकप्रिय वर्गांची तिकिटं हातोहात जातात आणि राहायचं त्याच्याही आधी ठरवावं लागतं, म्हणजे व्हिसा हातात नसताना पैसे गुंतवायचे. मावशींचं ब्लडप्रेशर याच गोष्टीनं वाढलंय. बोटांच्या ठशांसाठी मुंबईची फेरी धरून चाला.

दोन्ही उत्सव जोडून करता येतील का, असं वहिनींनी विचारलं. तारखांनी येतील. पण दोन व्हिसा, चार-पाच विमानं आणि दोन बोटी केल्यावर ती सुट्टी राहात नाही, ती चारधाम होते. तिसरं नाव फॅरो बेटांचं निघालं, तीही डेन्मार्कच्याच राज्यातली, तिथे विणकामाचा उत्सव वसंतात असतो. पण फॅरो शेंगेनमध्ये येत नाही, डेन्मार्कच्या व्हिसावर तसा वेगळा उल्लेख लागतो. यंदा नको.

आणि पंचांग उघडा. फानोचे तीन दिवस कधी गणपतीत येतात, शेटलंडचा आठवडा कधी पितृपक्षात, कधी घटस्थापनेच्या तोंडावर. घरी गौरी असतील तर फानोचा विषयच मिटतो, मग वारा-बिरा बघायची गरज नाही. मावशींकडे गौरी असतात.

म्हणून माझं मत शेटलंड, पण एका अटीवर. वहिनींनी दोनच वर्ग घ्यायचे, कात्रीचा आणि पट्ट्याचा, आणि राहायचं दहा दिवस. मधल्या दिवसांत मावशींना गुंड्या निवडू द्यायच्या. स्वेटरच्या जाडीची शेटलंडची गुंडी पंचवीस ग्रॅमची असते, तीत सव्वाशेच्या आत मीटर सूत. मोठ्या माणसाचा स्वेटर बारा-चौदा गुंड्यांत होतो, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आत. वजनाची काळजी नाही, फुगवट्याची आहे, तेव्हा हवा काढून दाबायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या इथूनच न्या. तरीही मावशी, दोरंगी स्वेटर घेण्याआधी विचार करा, इंदुरात तो अंगावर चढायला वर्षात तीन आठवडे मिळतील. जाळीच्या शालीपुरतं सूत घ्या, ती दिवाळीपासून होळीपर्यंत चालते. धातूच्या सुया मोठ्या बॅगेत टाका, विमानतळावर वाद नको. आणि टोपी. टोपी इथूनच विणून न्या, दोघींच्याही, मावशींची वहिनी विणतील.