मिररलेसची दुसरी लेन्स: नागपुरात फास्ट झूम घ्यावी, प्राइम की टेली?

कॅननची आर५०, निकॉनची झेड५० किंवा सोनीची ए६४०० यांपैकी एखादा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला, सोबतच्या किट लेन्सवर हात बसला आणि आता दुसऱ्या लेन्सपुरते पैसे जमले आहेत. अशा वेळी नागपुरात मिळणारा सल्ला जवळपास ठरलेला असतो: ताडोबा एवढं जवळ आहे, टेली (दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स) घेऊन टाक. माझं मत वेगळं आहे. वर्षभरात कॅमेरा प्रत्यक्षात कुठे कुठे निघतो ते आधी बघा. घरची लग्नं, बारसं, गणपती, मारबतीची मिरवणूक, फुटाळा तलावावरची संध्याकाळ आणि एखाद-दुसरी सफारी असा हिशोब असेल, तर आधी एफ/२.८ ची फास्ट झूम (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, आणि जास्त उजेड घेणारी ती फास्ट) घ्यावी आणि जंगलासाठी लांब लेन्स भाड्याने आणावी. दर महिन्याला सफारीच्या गेटवर उभं राहणाऱ्यांची गोष्ट निराळी, तिच्याकडे पुढे येतो.

किट लेन्स टाकाऊ नसते. सकाळच्या उन्हात रामटेकच्या गडमंदिरावर काढलेल्या फोटोत महागड्या लेन्सचा फरक शोधावा लागेल. अडचण दिवेलागणीनंतर सुरू होते. कॅननची १८-४५ आणि निकॉनची १६-५० या किट लेन्स (आकडे मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) पूर्ण झूम केल्या की एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाहीत. त्याच जागी एफ/२.८ ची लेन्स साधारण पाचपट उजेड आत घेते. म्हणजे लॉनवरच्या रिसेप्शनमध्ये जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० वर जावं लागत होतं, तिथे १२५० च्या आसपास काम भागतं. नवरीचा चेहरा आणि शालूची जर मोठी करून बघा, पैसे कुठे गेले ते लगेच कळतं.

या गटात सध्या दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. सिग्माची १८-५० एफ/२.८ वजनाला जेमतेम ३०० ग्रॅम आहे. ती सोनी, फुजी आणि एल माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसण्याची जागा) मिळते. कॅननने २०२४ मध्ये आपला आरएफ माउंट क्रॉप सेन्सरच्या (वरच्या तिन्ही कॅमेऱ्यांत असतो तशा लहान सेन्सरच्या) लेन्सपुरता सिग्मा आणि टॅमरॉनला खुला केल्यावर कॅननसाठीही आली. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ सोनी आणि फुजीवाल्यांना मिळते. ती सव्वापाचशे ग्रॅमची आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे आणि ७० मिमीपर्यंतची पोहोचही. सिग्मात स्टॅबिलायझेशन नाही, आणि वर सांगितलेल्या तिन्ही बॉडींमध्येही ते नाही. फोटोंसाठी मला ही मोठी उणीव वाटत नाही. लेझीम खेळणारा हलतोच, त्याला थांबवायला शटर स्पीडच (फोटो टिपण्याचा वेग) लागतो, स्टॅबिलायझेशनने तो थांबत नाही. मात्र चालत चालत व्हिडिओ काढायचा असेल तर सोनी-फुजीवाल्यांनी टॅमरॉनच घ्यावी.

प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, उजेडात यांच्याही पुढे असते. सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ ही एफ/२.८ च्या चौपट उजेड घेते आणि मागची गर्दी विरघळवून टाकते. निकॉन झेडच्या क्रॉप बॉडीसाठी सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमीच्या एफ/१.४ लेन्स २०२३ मध्ये आल्या, तेव्हा निकॉनवाल्यांनी ३० चा विचार नक्की करावा. कॅननची आरएफ ५० एफ/१.८ अवघी १६० ग्रॅमची आहे आणि कॅननच्या लेन्समध्ये सर्वात स्वस्त लेन्सपैकी एक आहे. बाळाचे, आजी-आजोबांचे फोटो हेच मुख्य काम असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

पण मारबतीला जाऊन बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांमध्ये काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागून बडगे (टीकेसाठी केलेले पुतळे) येतात, आणि तुमच्या मागे भिंत, पुढे माणसं. पाच मीटरवरून ५० मिमीच्या लेन्समध्ये जेमतेम सव्वादोन मीटर रुंदीचा भाग मावतो. मारबतीचा चेहरा येतो, तिला ओढणारे हात आणि वर गच्चीवरून बघणारी गर्दी सुटते. त्याच जागेवरून १८ मिमीत सहा मीटरहून जास्त मावतात. ‘पायांनी झूम करा’ हे प्राइमवाल्यांचं वाक्य मोकळ्या मैदानात खरं आहे, त्या गल्लीत मागे सरकायला पाऊलभर जागा नसते. शिवाय दिवस पावसाळ्याचे, तिथे लेन्स बदलत बसणं नको. म्हणून एकच लेन्स घ्यायची तर मी प्राइमच्या आधी झूम सांगतो.

आता टेली. आधी साधं गणित करू. क्रॉप सेन्सरवर २५० मिमीच्या लेन्सने ३० मीटरवर सुमारे २.८ मीटर रुंदी येते. रस्ता ओलांडणारा पूर्ण वाढलेला वाघ, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, साधारण तेवढाच असतो. म्हणजे रस्त्यावरच्या वाघासाठी निकॉनची ५०-२५० सारखी चारशे ग्रॅमची लेन्स पुरते. तोच वाघ पाणवठ्यापलीकडे १०० मीटरवर बसला की तीच चौकट साडेनऊ मीटर रुंद होते आणि वाघ तिच्या तिसऱ्या हिश्श्यातही भरत नाही. ६०० मिमीला तिथे चार मीटरच्या आत रुंदी मिळते. गोरेवाडा किंवा अंबाझरीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांसाठी तर ४०० च्या खाली विचारच करू नये.

मधला पर्याय म्हणून सोनीची ७०-३५० आणि कॅननची आरएफ १००-४०० बघा. दोन्ही सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर हातात धरता येणाऱ्या. कॅननची मात्र ४०० वर एफ/८ होते. मे महिन्यात चालून जातं. डिसेंबरच्या पहाटे, पहिल्या अर्ध्या तासात, चालत्या वाघाला १/५०० चा शटर स्पीड द्यायचा म्हटलं की आयएसओ फार वर जातो. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन किलोंच्या आसपासच्या लेन्स आहेत. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, त्यामुळे तांदळाने भरलेली बीनबॅग दांडीवर ठेवून तिच्यावर त्या टेकवाव्या लागतात.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवा उठू लागते आणि दूरच्या वस्तूची कड थरथरते. फोटो स्क्रीनवर मोठा करून वाघाच्या मिशा बघा: फोकस बरोबर, शटर स्पीड पुरेसा, तरी मिशा वितळल्यासारख्या दिसतात. दोष लेन्सचा नसतो, आणि जास्त महाग लेन्सने तो जातही नाही. अंतर जितकं जास्त तितका तो वाढतो. सकाळचे पहिले दोन तास लांबचे फोटो काढून घ्यावेत.

तरीही लांब लेन्सच्या बाजूने एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हाती ४०० मिमी असली की ‘अजून पुढे घ्या’ असं ड्रायव्हरदादांना म्हणावं लागत नाही. वारंवार जंगलात जाणाऱ्यांनी टेलीच आधी घ्यावी असं मी म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांनी भाड्याची आणावी, पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे घरासमोरच्या झाडावरच्या कावळ्यावर हात साफ करता येतो.

घरात जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर खरेदीआधी त्याच्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा विचार करा. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सला सेन्सरपासून ४४ मिमी अंतर लागतं, मिररलेसच्या आरएफमध्ये ते २० आहे. अ‍ॅडॅप्टर ही फक्त मधले २४ मिमी भरणारी पोकळ नळी आहे, आत काच नाही, म्हणून दर्जा घसरत नाही. जुनी ५५-२५० त्यावर ऑटोफोकससकट उत्तम चालते. निकॉनच्या एफटीझेड या जोडावर एएफ-एस (आतच मोटर असलेल्या) लेन्स चालतात, पण कित्येकांच्या कपाटात असलेली ५० मिमी एफ/१.८डी ऑटोफोकस करत नाही, कारण तिची मोटर जुन्या बॉडीत असायची आणि एफटीझेडमध्ये ती नाही. कॅननवाल्यांची जुनी टेली अशी वापरात आली तर सगळे पैसे फास्ट झूमला मोकळे होतात.

कोणतीही घेतली तरी कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे बाहेर ४५ अंशांचं कोरडं ऊन असतं आणि कूलरसमोर दमट हवा. पुढे पावसाळा लागतो, आणि बंद बॅगेत बुरशीला तेच हवं असतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं, फक्त जेल वेळोवेळी वाळवावं. सेकंड हँड लेन्स बघताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरपा मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नका.