स्वयंपाकघरातला डिजिटल काटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

वजन कमी करण्यासाठी बाजारात जे जे विकलं जातं, त्यातली सगळ्यात कामाची वस्तू खायची नाहीच. 5 किलोपर्यंत तोलणारा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा ओट्यावरचा काटा, बस. काही महिने रोज वापरल्यावर हे मत पक्कं झालंय. काट्याने वजन उतरत नाही, पण आपल्या अंदाजातली आणि पाकिटावरची लबाडी मात्र उघडी पडते.

सुरुवात फोडणीपासून करा. तेलाच्या दर ग्रॅमला 9 कॅलरी, स्टार्च किंवा साखरेच्या ग्रॅमला 4. ‘दोन चमचे तेल’ घरोघरी वेगळं असतं: मोजमापाचा 5 मिलीचा चमचा साडेचार ग्रॅमचा, पण पोहे खायचा चमचा काठोकाठ भरला की त्याहून बरंच जास्त. चौघांच्या भाजीत 20 ग्रॅमऐवजी 45 ग्रॅम तेल पडलं तर माणशी 55 कॅलरी वाढल्या, आणि ताटात त्या दिसतही नाहीत.

तेल मोजायची पद्धत मात्र उलटी ठेवा. कढई काट्यावर ठेवून वरून बारीक धार सोडली तर बरेच स्वस्त काटे ती हळू वाढ धरतच नाहीत, कारण किरकोळ हेलकावे लपवायला ते स्वतःला पुन्हा पुन्हा शून्यावर आणतात. त्यापेक्षा बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून ओता, परत ठेवा. उणे 18 दिसलं म्हणजे 18 ग्रॅम गेलं. तूप, साखर, दाण्याचं कूट, सगळ्याला हीच युक्ती. कुटाच्या 100 ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, त्यामुळे उपासाच्या खिचडीतलं ‘मूठभर’ एकदा तोलून पाहाच.

पोळ्यांचं गणित सोपं आहे. 200 ग्रॅम कणकेत साधारण 120 ग्रॅम पाणी गेलं तर 320 ग्रॅमचा गोळा होतो. त्याचे 40 ग्रॅमचे आठ उंडे केले की एका पोळीत 25 ग्रॅम कणीक, म्हणजे 85-90 कॅलरी. वर 3 ग्रॅम तूप लावलं की आणखी 27. भाताला सगळे फसतात: कच्च्या तांदळाचे 100 ग्रॅमचे 350 कॅलरी शिजलेल्या भाताला लावतात. तांदूळ शिजून अडीच-तीनपट होतो, म्हणून शिजलेल्या 100 ग्रॅमला 130च्या आसपास धरा. डाळीलाही तोच घोळ होतो, म्हणून ती कच्ची तोला.

आता पाकिटं. पुढच्या बाजूची अक्षरं जाहिरात समजून सोडून द्या आणि मागचा तक्ता वाचा, तोही 100 ग्रॅमचा रकाना. ‘एका सर्व्हिंगला फक्त 120 कॅलरी’ असं लिहिलेल्या मुसलीचं (न्याहारीला दुधात घालून खायचं ओट्स-सुकामेव्याचं मिश्रण) सर्व्हिंग, म्हणजे एका वेळचा वाढप, 30 ग्रॅमचं असतं. आमटीच्या वाटीत तीच मुसली भरली की काटा 60-70 ग्रॅम दाखवतो. दूध वेगळं. तक्त्यातली रोजच्या गरजेची टक्केवारीही 2000 कॅलरींच्या आहाराला धरून असते. तुमची योजना 1500ची असेल तर तिथले 20 टक्के तुमच्यासाठी जवळजवळ 27.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दाव्यांना ठरलेले आकडे आहेत. ‘शुगर फ्री’ला 100 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, ‘लो फॅट’ घन पदार्थाला 3 ग्रॅम फॅट. पण दावा एकाच घटकाचा असतो, कॅलरींचा नव्हे. शुगर फ्री बिस्किटात मैदा आणि फॅट असतंच. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) साखरेच्या रकान्यात दिसत नाही, तरी ग्रॅमला 4 कॅलरी देतंच. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लाडू खजुराचा असेल, तर खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते. ‘मल्टिग्रेन’ दिसलं की घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या जागेवर गहू किंवा मैदा असेल आणि नाचणी शेपटाला, तर पैसे नावाचेच मोजलेत. एप्रिल 2024मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून पेयं काढायला सांगितलं होतं. शब्द गेला, डब्यातली साखर होती तेवढीच राहिली.

काट्याचे दोष आहेतच. दोन-एक मिनिटांत तो आपोआप बंद होतो आणि शून्य केलेलं विसरतो, म्हणून कढई, कुकरचं भांडं, परात यांची रिकामी वजनं मार्करने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने आकडा नाचतो. शेजारी मिक्सर चालू असेल तर मोजूच नका. गरम भांडं थेट ठेवू नका, मध्ये लाकडी पोळपाट घाला. 5 ग्रॅमच्या खाली त्याच्यावर विश्वास नको, मीठ-मसाल्यांसाठी चमचाच बरा. शंका आली तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, 77 ग्रॅमच्या आसपास दिसायला हवेत.

लग्नात किंवा हॉटेलात अर्थातच याचा उपयोग नाही. आणि प्रत्येक घासाला आकडा शोधायची धास्ती लागते असं वाटलं, तर थांबवा. रोजचे पदार्थ एकदा तोलून झाले की फक्त तेल, तूप, कूट, सुकामेवा आणि पाकिटबंद खाऊ तोलला तरी पुरतं. अंगाचं वजन मिठा-पाण्याने दोन दिवसांत किलोभर हलतं, म्हणून रोज सकाळी एकाच वेळी पाहा आणि आठवड्याची सरासरी काढा.

घेताना ट्रिपल-ए सेलवर चालणारा घ्या, नाण्यासारखा चपटा सेल आयत्या वेळी गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. ब्लूटूथ आणि अ‍ॅपवाल्या मॉडेलला जादा पैसे देऊ नका. त्या अ‍ॅपना थालीपीठ आणि झुणका कळेलच याचा भरवसा नसतो.