छोट्या केंद्राचे दोन अवतार : एएम आणि एफएम

जी छोटी स्थानिक रेडिओ केंद्रे एएमवर सुरू झाली आणि पुढे एफएमकडे वळली, त्यांच्या जुन्या श्रोत्यांना दोन्ही आवाजांतला फरक सांगावा लागत नाही. एएमच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि सूर्यास्तानंतर आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) लहरी शोषणारा खालचा थर विरळ झाला, की वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर पोहोचतात. म्हणूनच रात्री आपल्या केंद्राच्या बातम्यांत भलत्याच गावचे गाणे मिसळत असे, आणि खरे सांगायचे तर त्या घुसखोरीचीही एक गोडी होती. एफएममध्ये ती गंमत नाही. त्याच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेपुरत्याच जातात आणि टेकडीआड क्षीण होतात. मात्र 15 किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी स्वच्छ येतो आणि विजांमुळे होणारी खरखर जवळजवळ नाहीशी होते. खर्चातही एएम मागे पडते : 1000 किलोहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा मनोरा 75 मीटरचा होतो, शिवाय जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरावे लागते. संगीतासाठी मी एफएमच निवडेन. पण वस्ती विखुरलेली असेल आणि मुख्य काम बातम्यांचे, बोलण्याचे असेल, तर जुना मनोरा उतरवण्याची घाई मला पटत नाही.